बुटक्या गाडीतून सासरी

"सगळ्यांनी जरा खाली उतरायला पाहिजे," गाडी थांबवून भरतेश म्हणाला.

माहेर सोडून पाव तासही झाला नव्हता. माझे डोळे रडून सुजलेले होते, मुंडावळ्या एका कानावर आल्या होत्या आणि मांडीवर ओटीतला नारळ तसाच होता. समोर आमच्या शाळेचा स्पीडब्रेकर होता. मी तो वर्षानुवर्षं सायकलवरून ओलांडलेला. त्याच्यासाठी कुणी गाडीतून उतरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"कशाला?" पुढच्या सीटवरून सासऱ्यांनी विचारलं.

"खाली घासतंय, आप्पा. भार कमी झाला की जाईल."

आम्ही उतरलो. आधी आप्पा, मग माझी पाठराखीण म्हणून आलेली चंपामावशी, मग मी आणि शेवटी ज्यांच्याशी दोन तासांपूर्वी माझं लग्न लागलं होतं ते सन्मती. भरतेश हा त्यांचा धाकटा भाऊ. त्यानं गाडी तिरकी घेतली, एक चाक चढवलं, दुसरं चढवलं, खालून डबा फरफटवल्यासारखा आवाज आला आणि गाडी पलीकडे गेली. ओट्यावर बसलेले आमच्या गावचे दोन म्हातारे हे सगळं बघत होते. त्यांना वाटलं, मुलगी रुसून उतरली. एकजण उठून माझ्या समजुतीसाठी यायलाही लागला. चंपामावशीनं त्याला लांबूनच हात करून बसवलं.

त्या गाडीबद्दल सांगायला हवं. पांढरी, सेकंडहँड, पण आप्पांनी ती जिवापाड जपलेली. शिरोळ तालुक्यातल्या त्यांच्या गावात ते भाजीपाल्याचे नावाजलेले शेतकरी. गाडीत कुणी चप्पल झटकल्याशिवाय पाय ठेवला तर ते दार उघडं धरून उभे राहायचे, तो माणूस परत उतरेपर्यंत. लग्नाच्या आदल्या दिवशी आप्पा पाहुण्यांबरोबर टेंपोतून आमच्या गावी आले होते. गाडी सकाळी दोघे भाऊ घेऊन आले. तिच्यावर झेंडूच्या एवढ्या माळा सोडल्या होत्या की खाली चाकं आहेत की नाहीत तेही दिसत नव्हतं. त्यामुळे आप्पा तिच्यात बसले ते थेट पाठवणीच्या वेळी. बसताना त्यांना जरा जास्तच खाली बसल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी एकदा सीटखाली हात घालून बघितलं होतं.

दुसरा स्पीडब्रेकर पुढच्या गावच्या वेशीवर आला. आम्ही पुन्हा उतरलो. या वेळी आप्पांनी खाली वाकून माळा बाजूला केल्या आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. वर आले तेव्हा त्यांचा फेटा सुटला होता. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नव्हतं.

भरतेशला सगळं सांगावं लागलं. जयसिंगपूरला एका गॅरेजात गाडीच्या चारी चाकांच्या स्प्रिंगा काढल्या आणि प्रत्येकीचे दोन-दोन वेढे ग्राइंडरनं कापून परत बसवल्या. गाडी खाली बसते. दिसायला झोकात दिसते. कोल्हापुरात कॉलेजची पोरं सगळी असंच करतात.

"आणि रस्ता?" आप्पांनी विचारलं. "रस्तापण कापून घेतात काय पोरं?"

भरतेशनं मान खाली घातली. तो तसाही घरात बदनाम होता. त्याच्या मोटरसायकलला आरसे नव्हते, पण हॉर्न तीन होते. गॅरेज म्हटलं की भरतेश, हे घरात ठरलेलंच होतं. आप्पांनी मग त्याला बोलायला सुरुवात केली आणि गाडी सुरू झाल्यावरही ते थांबले नाहीत. तो जन्मला त्या दिवसापासून त्यांनी घेतलं. बारावीच्या वर्षी त्यानं पाण्याचं इंजिन उघडून ठेवलं होतं आणि वांगी वाळली होती, इथपर्यंत ते आले तेव्हा तिसरा स्पीडब्रेकर आला.

सन्मती या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते. तसं ते मला बघायला आले होते तेव्हाही भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच बघत होते. सोसायटीत नोकरी, स्वभाव शांत, असं मध्यस्थांनी सांगितलं होतं. शांत म्हणजे इतका शांत असेल असं मला वाटलं नव्हतं. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली वाक्यं एका पोस्टकार्डावर मावली असती. आणि आता सख्ख्या भावाला बाप परक्यांदेखत सोलून काढतोय आणि हा माणूस ऊस मोजत बसलाय, हे मला बघवेना.

मुंडावळ्या सरळ करण्याच्या निमित्तानं चंपामावशी माझ्या कानाशी आली. "घुम्या आहे ग हा," ती कुजबुजली. "आपलं गाव अजून लांब नाही. तुझ्या बापाला सांगावा धाडू?"

मी तिला चिमटा काढला. पण खरं सांगते, मनात तेच चाललं होतं.

इथपर्यंत नुसती फजिती होती. पुढं घोर लागायचं कारण थोरल्या आत्या.

थोरल्या आत्या म्हणजे आप्पांच्या मोठ्या बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या. सासूबाई लवकर गेल्यावर दोन्ही मुलांना त्यांनीच वाढवलं. आम्हा जैनांच्यात बरेचजण दिवस मावळायच्या आत जेवतात, पण आत्यांचं तसं नव्हतं. दिवस मावळला की त्या पाण्याचा थेंबही घेत नसत, अंगात ताप असला तरी. त्यात त्या दिवशी त्यांनी आणखी एक नियम घेतला होता : नवी सून उंबरा ओलांडून आत आल्याशिवाय जेवायचं नाही. सकाळपासून पोटात काही नाही. वय झालेलं, साखरेचा त्रास. थंडीचे दिवस, सूर्य घाईवर आलेला. आम्ही दिवस बुडायच्या आत पोचलो नाही तर आत्या दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाशी राहणार, हे आप्पांना माहीत होतं. म्हणून ते एकदा भरतेशला बोलायचे आणि एकदा सूर्याकडे बघायचे. हळूहळू सूर्याकडेही ते रागानंच बघायला लागले.

वाटेत वडापच्या जीपा जात होत्या. चंपामावशीनं सुचवून बघितलं. आप्पांनी सांगितलं की नव्या सुनेला माणशी भाड्यानं घरी न्यायची वेळ आमच्या घराण्यावर अजून आलेली नाही. आमच्या मागून आलेला टेंपो तर पाहुण्यांना घेऊन कधीच पुढं निघून गेला होता. त्यातल्या बायकांनी आम्हांला रस्त्यात उभं बघून आनंदानं हातही केले होते.

आणि स्पीडब्रेकर तरी किती! शाळेपुढं एक, देवळापुढं एक, दूध डेअरीपुढं एक. एका गावात तर सरपंचाच्या घरापुढं त्यानं स्वतःच मुरूम टाकून केलेला होता. दर वेळी आम्ही उतरायचो, गाडी रिकामी होऊन कण्हत पलीकडे जायची, आम्ही चालत जाऊन पुन्हा बसायचो. आता रस्त्यावरून नवरी चालत येते म्हटल्यावर गावातल्या बायका थोड्याच आत बसणार. पहिल्या गावात दोघी पुढं आल्या, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. आपल्या दारावरून नवी नवरी तशीच कशी जाऊ द्यायची, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता. दुसऱ्या गावात सातआठजणी आल्या. त्याच्या पुढच्या गावात आमच्या आधीच बातमी पोचली होती. बायका ताटं घेऊन स्पीडब्रेकरवरच उभ्या होत्या.

नारळ वाढत चालले. गहू वाढले, खण वाढले, कुणी केळीचा फणाच दिला. हे सगळं गाडीत. भरतेश दर वेळी आरशातून त्या नारळांकडे बघायचा आणि त्याचा चेहरा पडत जायचा. गाडी आणखी खाली बसत होती. वळणावर टायर मडगार्डला घासून जळका वास यायचा. मला मात्र एक सांगितलं पाहिजे : रडणं कुठल्या गावात थांबलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

डेअरीच्या स्पीडब्रेकरला सायलेन्सर तुटून पडला. सन्मतींनी तो गार होईपर्यंत वाट बघितली, रुमालात गुंडाळला आणि डिकीत ठेवला. त्यानंतर गाडी अशी ओरडायला लागली की शेतातले बैल बुजले. आप्पांना बोलणं थांबवायचं नव्हतं, त्यामुळे ते त्या आवाजावर आवाज चढवून बोलायला लागले. पुढच्या गावात ओवाळायला बायका उभ्या होत्या. भरतेशनं एकदम इंजिन बंद केलं आणि त्या शांततेत आप्पांचा आवाज एकटाच पुढं गेला, "गाढवापेक्षा गाढव!"

समोर ताट घेतलेली बाई दोन पावलं मागं सरकली. आप्पांनी लगबगीनं नमस्कार केला. 

मी तेव्हा सन्मतींकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. ते काहीतरी बोलायला पुढं झाले, तेवढ्यात भरतेशनं आरशातून त्यांच्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. मला काही कळलं नाही.

शेवटी गावाच्या अलीकडचा कॅनॉल आला. कॅनॉलवर पूल आहे आणि पुलावर रस्ता मांजराच्या पाठीसारखा उठलेला आहे. पलीकडे गाव दिसत होतं, देवळाचा मानस्तंभ दिसत होता. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकायला आला होता. आम्ही न सांगताच उतरलो. भरतेशनं देवाचं नाव घेतलं, गाडी मागं घेतली आणि जोरात चढवली.

गाडी मधोमध बसली. पुढची चाकं नुसतीच फिरत राहिली, मागची हलेनात. अंडी उबवायला बसलेली कोंबडी जशी कुणाला दाद देत नाही, तशी ती पुलावर बसून राहिली. ढकलून झालं, नारळ उतरवून झाले, चंपामावशीनं पदर खोचून मागून रेटा दिला. काही उपयोग झाला नाही.

मग आप्पांचा तोल सुटला. ते भरतेशच्या अंगावर गेले. बहीण उपाशी बसली आहे, नवी सून रस्त्यावर उभी आहे, गाडी मोडली, अब्रू गेली आणि ह्याला झोक पाहिजे. उद्यापासून घरात तोंड दाखवायचं नाही, असं ते म्हणाले आणि त्यांचा हात वर गेला.

"आप्पा, त्याला मारू नका," सन्मती म्हणाले. "स्प्रिंगा मी कापून घेतल्या."

आप्पांचा हात वरच राहिला. ज्या मुलानं आजवर पेनाचं टोपणसुद्धा इकडचं तिकडं ठेवलं नव्हतं, त्याच्याकडे ते बघत राहिले.

"तू?"

"व्हय. गॅरेजात मीच घेऊन गेलो. भरतेश नको म्हणत होता."

"कशाला पण?"

सन्मती बुटांकडे बघत उभे. तेव्हा भरतेशच बोलला. वाटभर शिव्या खाल्ल्यामुळे त्याचा घसा न वापरताच बसला होता.

"वैनींना बुटकी गाडी आवडती म्हणून. मी म्हटलं, लग्नाच्या दिवशी तुला कुणी बोलायला नको, मला काय सवय हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काही आठवेना. आणि मग एकदम आठवलं.

लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही जयसिंगपूरला गेलो होतो. दुकानातून निघाल्यावर मी आमच्या जीपमध्ये चढत होते. नवी साडी नेसलेली, जीप उंच. पाय घसरला आणि मी गुडघ्यावर आपटले. चिडून मी आईला म्हटलं होतं, गाडी कशी बुटकी असावी, जमिनीलगत. एवढंच. सन्मती मागं साड्यांची गठुळी घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं असेल हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आई तर ते तिथंच विसरली. आणि ह्या माणसानं ते वाक्य घरी नेलं, महिनाभर सांभाळलं आणि शेवटी बापाचा जीव की प्राण असलेल्या गाडीला ग्राइंडर लावला.

मला हसू यायला लागलं. नव्या नवरीनं सासऱ्यांसमोर हसायचं नसतं म्हणून मी पदर तोंडात धरला. चंपामावशीला वाटलं मी रडतेय. तिनं मला जवळ घेतलं आणि "आता सांगावा धाडूच" असं म्हणाली.

आप्पांनी हात खाली घेतला. सूर्याकडे बघितलं. मग सन्मतींना एवढंच म्हणाले, "हिला घेऊन पाणंदीनं पुढं हो. आक्का उपाशी झोपेल. तुझं मी नंतर बघतो."

आम्ही निघालो. पाणंद म्हणजे दोन उसांमधली गाडीवाट, ढेकळांनी भरलेली. मी चार पावलं चालले, चपलेचा अंगठा तुटला. मी चप्पल काढली. सन्मतींनी काही न बोलता दोन्ही चपला उचलल्या आणि हातात घेतल्या. मी शालू घोट्याच्या वर खोचला. आधी आम्ही भरभर चालत होतो, मग कधी पळायला लागलो ते कळलं नाही. ऊसतोड करणाऱ्या बायका कोयते खाली ठेवून बघत राहिल्या. पुढं फेटा बांधलेला नवरा हातात बायकोच्या चपला घेऊन पळतोय आणि मागं शालू वर धरून नवरी.

मध्येच ते थांबले. धाप लागली होती. "आवडली न्हाई न्हवं गाडी?" त्यांनी विचारलं.

"मला विचारायचं तरी आधी," मी म्हटलं.

"विचारणार होतो. एकदा तुमच्या घरापर्यंत आलो होतो. दारात तुझे वडील उभे होते. मग पाणी पिऊन परत गेलो."

मला ते आठवत होतं. वडील म्हणाले होते, जावई आले, पाणी प्याले आणि का आले ते न सांगताच गेले. हुंड्याचं काही त्यांचं मागायचं राहिलं की काय म्हणून आम्ही दोन दिवस घाबरून होतो. हे मी त्यांना पळता पळता सांगितलं. त्यावर ते हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज मोठा होता, दोन पक्षी उडाले.

आत्या बाहेर ओट्यावर बसल्या होत्या, पश्चिमेकडे तोंड करून. बारीक, ताठ, पांढरं लुगडं. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं आणि दोन्हीकडे बायकांची भिंत. नाव घे, नाव घे, असा एकच गलका झाला. मी आठ दिवस पाठ केलेला उखाणा धापेमुळे बाहेर येईना.

"नाव उद्या घेईल," आत्या म्हणाल्या. "दिवस काय थांबतोय? आत ये बाई."

मी माप ओलांडलं. ओलांडलं म्हणजे पळण्याच्या भरात लाथाडलंच, तांदूळ थेट देवघरापर्यंत गेले. आत्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि पाटावर बसल्या. ताट मीच वाढलं, घामेजलेल्या हातांनी. भाकरी, वरण, भात. खिडकीतून उन्हाची शेवटची तिरीप ताटाच्या काठावर आली होती. त्या निवांत जेवल्या, घाई अशी नाही. जेवता जेवता त्यांनी विचारलं, गाडी कुठं आहे. सन्मतींनी त्यांना सगळं सांगितलं, दाराच्या चौकटीला टेकून, चपला अजून हातातच.

आत्यांनी शेवटचा घास खाल्ला, पाणी प्याल्या, चूळ भरली. बाहेर ऊन गेलं होतं.

"हा लहानपणापासून असाच हाय," त्या मला म्हणाल्या. "मला एकदा शेवग्याच्या शेंगा आवडल्या, तर ह्यानं परसात सात झाडं लावली. आता खाववत न्हाई आणि बोलवतही न्हाई."

तेवढ्यात बाहेर कालवा ऐकू आला. आम्ही ओट्यावर गेलो. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत आणली होती. माळा लोंबत होत्या. आत भरतेश स्टिअरिंग धरून बसला होता आणि मागच्या सीटवर, नारळांच्या राशीत, चंपामावशी एकटी. पुलापाशी तिनं जाहीर केलं होतं की आता ती कुणाच्याही सांगण्यावरून उतरणार नाही. गावच्या लोकांना वाटलं हीच नवरी. एका म्हातारीनं तिच्यावरून भाकरतुकडासुद्धा ओवाळून टाकला होता आणि तिनं तो बिनतक्रार ओवाळून घेतला होता.

ट्रॅक्टरच्या पुढं आप्पा चालत होते. ते आले, ओट्याखाली उभे राहिले. उघड्या दारातून आत बहिणीचं उष्टं ताट बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळी गल्ली पुढं सरकली.

"सूनबाई," ते म्हणाले, "एकदाच विचारतो. खरं सांग. तुला बुटकी गाडी आवडती?"

सन्मती माझ्या बाजूला उभे होते. त्यांच्या बुटांवर पाणंदीतली माती होती आणि कान पुन्हा लाल झाले होते. खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलून त्यांना सगळ्या गल्लीत उघडंही पाडायचं नव्हतं.

"गाडीचं एवढं काही नाही, आप्पा," मी म्हटलं. "पण पुलापासून चालत आलो, ते फार आवडलं."

आप्पांनी मला नीट बघून घेतलं. मग मुलाकडे. मग त्यांनी वाकून गाडीच्या माळा वर केल्या, त्या कापलेल्या स्प्रिंगांकडे एकदा बघितलं आणि माळा परत सोडून दिल्या.

"बरं झालं," ते म्हणाले. "नव्या स्प्रिंगा येईपर्यंत मग दोघं चालतच हिंडा."